सहा वह्यांतली एक नणंद

"पद्मजाताई, आपल्या कमलाकरांना नणंद आहे का हो?"

दिनानाथ सरांनी हे विचारलं तेव्हा मी बाजारातून भाजीची पिशवी घेऊन नुकतीच केंद्रात शिरले होते. मला वाटलं, उन्हाने यांचं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, बाप्या माणसाला नणंद कुठून असणार?"

"तेच म्हणतोय मी." त्यांनी सहा गृहपाठ माझ्यापुढे पत्ते मांडावेत तसे मांडले. "कमलाकर, आनंदा, झुबेर. तिघंही बाप्ये. तिघांच्याही नणंदेचं लग्न झालंय. आणि तिघांचेही मिस्टर दोहाला असतात."

मी पिशवी खाली ठेवली आणि सहाही गृहपाठ पुढे ओढले.

आमचं हे मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. जुन्या पनवेलमधल्या एका शाळेचे दोन वर्ग आम्हाला रविवारी मिळतात. दिनानाथ सर तिथले संयोजक. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि घरी बसून टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून गेल्या दोन वर्षांपासून इथे बी.ए.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. विद्यार्थी म्हणजे कोण, तर रिक्षावाले, दुकानदार, अंगणवाडीच्या बाया. विषय मी कमीच शिकवते. अभ्यास कसा करायचा ते शिकवते. प्रश्न आधी दोनदा वाचा. उत्तराचे मुद्दे काढा. तीन तास हात चालता ठेवायची सवय करा. आणि पुस्तकातलं तसंच्या तसं उतरवू नका हो, 'माझ्या मते' असं लिहायला शिका! हे शेवटचं वाक्य मी दर रविवारी ओरडते. माझा स्वभाव तापट आहे, लपवून काय उपयोग? डस्टर आपटून आपटून त्याची लाकडी पाठ मी फोडली आहे.

आणि तरी ही सहा वह्यांतली एक नणंद.

विषय होता 'बदलती कुटुंबसंस्था', समाजशास्त्राचा गृहपाठ, वीस गुणांचा. स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्यायचं होतं. नणंद कोणाची, हे मला विचारायची गरजच नव्हती. ती बिल्कीसची. बिल्कीस त्रेचाळीस वर्षांची, राहायला इथेच, मशिदीमागच्या मोहल्ल्यात. नवरा खलील दोहाला एका कंपनीत एकोणीस वर्षं. घरी सासू आणि बारावीतली मुलगी हिबा. तिने लिहिलं होतं की नणंदेचा निकाह ठरला तेव्हा घरात पुरुष नव्हता, हॉलपासून बिर्याणीच्या देगेपर्यंत सगळं तिने आणि सासूने पाहिलं, आणि पत्रिकेवर निमंत्रक म्हणून नाव मात्र दोहातल्या माणसाचं छापलं. इतकं सरळ, इतकं खरं लिहिलं होतं की मी वर्गात तो कच्चा मसुदा हातात धरून नाचले होते. "बघा! याला म्हणतात स्वतःचं लिहिणं! ही वही एकदा सगळ्यांनी बघा!"

बघितली की मेल्यांनी. नीट बघितली.

"सहाही जणांना शून्य," दिनानाथ सर म्हणाले. "गृहपाठात शून्य म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही."

"सर, बिल्कीसची नोंदणी यंदा संपतेय!"

हे त्यांनाही माहीत होतं. पहिल्यांदा बसली तेव्हा सासूला अर्धांगाचा झटका आला. नंतरच्या वर्षी तेच नणंदेचं लग्न. मग हिचंच पित्ताशयाचं ऑपरेशन. अशी वर्षं वाया जात जात नोंदणीची मुदत या मे महिन्याशी येऊन ठेपली होती. यंदा परीक्षा झाली नाही तर आधीचे सगळे पेपर बाद, पुन्हा श्रीगणेशा. आणि ती पुन्हा बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पाचव्यांदा घर मागे लोटून बाहेर पडायची ताकद कुठून आणणार ती?

पुढच्या रविवारी सहाही जणांना मी बाकावर बसवलं. दार लावलं. डस्टर हातात घेतलं.

"कमलाकरभाऊ, नणंद बरी आहे ना तुमची? सासरी रुळली?"

कमलाकर म्हणजे कामोठ्याच्या एका सोसायटीचा वॉचमन, पन्नाशीचा, मिशा भरघोस. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मला वाटलं ते शब्द समाजशास्त्राचे असतील. मी बदलले नाहीत. म्हटलं, आपण बदलायला गेलो आणि चुकलं तर?"

रागावू का हसू? शेजारी आनंदा, रिक्षावाला, बाकाच्या कडेचा रंग नखाने खरवडत होता. झुबेरचं नळाच्या सामानाचं दुकान आहे; तो म्हणाला, "मी तर कमलाकरभाऊंचं बघून लिहिलं." दवाखान्यात नंबर लावणारी रुचिरा आधीच रडत होती.

"वही बाहेर गेली कशी?" मी विचारलं.

मालू उभी राहिली. मालू उरणजवळच्या करंज्याची, कोळ्यांची, तिथल्या अंगणवाडीत सेविका. सकाळची पहिली एसटी पकडून येते. "माझ्यामुलं झालं बाई. मी भाभींना तळलेली मांदेली आनली व्हती. डबा परत घ्यायला गेले तवा त्या घाईत व्हत्या, घरात द्यायला काय नव्हतं. मी म्हनले, ऱ्हाऊ द्या, नेते रिकामाच."

"रिकामा डबा कसा देऊ, मॅडम?" बिल्कीस पहिल्यांदाच बोलली. "आमच्यात देत नाहीत. कोणाचाच डबा रिकामा परत जात नाही. ही मागच्या वेळी म्हणाली होती, वही बघायला द्या. तर मी डब्यात वहीच ठेवली. म्हटलं, तांदळाची सांदणं पुढच्या वेळी."

कप्पाळ माझं! सांदणाच्या जागी समाजशास्त्र! आणि ते डबा घरी गेल्यावर पाच घरांत वाढलं गेलं.

एवढ्यात दिनानाथ सर आत आले. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. त्यांनी आठवडाभर नियम वाचून काढले होते.

"दोन मार्ग आहेत," ते म्हणाले. "बिल्कीसबाई, तुमच्या कच्च्या वहीत खाडाखोड आहे, मूळ तुमचंच आहे हे दिसतंय. या पाच जणांनी नक्कल केली अशी तक्रार तुम्ही सही करून द्या. तुमचे गुण मी लगेच लावतो. पण मग नक्कल सिद्ध झाली. या पाच जणांना पुन्हा लिहायला देता येणार नाही, त्यांचं वर्ष गेलं."

"आणि दुसरा?"

"तक्रार नसेल तर सहाही गृहपाठ रद्द करून नवे घेता येतील. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी, माझ्यासमोर बसून, दोन तासांत. विषय तोच, उदाहरण नवीन. मात्र दोन पेपर एकमेकांसारखे निघाले, किंवा एकाने जरी पुस्तकातलं उतरवलं, तर सहाही जणांना शून्य. तुम्हालासुद्धा. गुरुवारपर्यंत सांगा."

बिल्कीसने ओढणी सारखी केली. "विचारून सांगते," म्हणाली.

हे तिचं ठरलेलं वाक्य. वर्गाची वेळ बदलायची म्हटली तरी "विचारून सांगते." खलीलने तिला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. भला माणूस. पण दर रविवारी साडेअकराला त्याची चहाची सुट्टी असते, तेव्हा त्याचा फोन यायचा आणि ही बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन आठवड्याचं सगळं विचारून घ्यायची.

जिना उतरताना मी तिला गाठलं. "काही विचारू नकोस. सही कर आणि मोकळी हो. त्यांनी केलं, ते निस्तरतील. त्यांची नोंदणी अजून शिल्लक आहे. तुझं काय?" मी हे मनापासून सांगत होते. आजही सांगते, मला त्या पाच जणांपेक्षा तिची काळजी जास्त होती. माझ्याच कौतुकाने ती वही गावभर झाली होती ना.

गुरुवारी ती नवीन पनवेलला माझ्या घरी आली. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी सही करणार नाही, मॅडम."

"खलील नको म्हणाला?"

"त्यांना विचारलंच नाही. फोन लावला होता. त्यांनी खैरियत विचारली. मी म्हटलं, हिबाची दाढ दुखतेय. आणि ठेवला."

"अगं पण का?"

"राग तर मला इतका आलाय, काय सांगू! कमलाकरभाऊंनी माझे मिस्टर पण उतरवले, तौबा! पण त्यांनी चोरलं नाही मॅडम. मी दिलं. डब्यात घालून दिलं. आपण दिलेल्या गोष्टीची तक्रार कशी करायची?"

"आणि त्यातला एक जण जरी चुकला तर? आनंदाला अजून परिच्छेद पाडता येत नाही! तुझं बी.ए. त्या माणसाच्या हातात देतेस?"

"मग त्याला शिकवा ना," ती म्हणाली. "तुम्ही शिकवता ना? तेच तर शिकवता."

चहा उतू गेला माझा.

हातात दहा दिवस होते. मी पाच बैठका ठरवल्या. संध्याकाळी पाच ते सात. मालू दूरची, तिच्यासाठी दोन बैठका दुपारी. शाळेचा एक वर्ग शिपायाच्या हातापाया पडून मिळवला. पहिल्या बैठकीला मी फळ्यावर सगळं मांडलं: सुरुवात, मुद्दे, उदाहरण, शेवट. म्हटलं, आता पहिल्या पाच ओळी लिहा. दहा मिनिटांनी वह्या पाहिल्या. पाचही वह्यांत पहिलं वाक्य एकच. 'कुटुंब हा समाजाचा मूलभूत घटक आहे.'

डस्टर मी असं आपटलं की खडूच्या धुळीने रुचिराला खोकला लागला. "पुस्तक बाजूला ठेवा म्हटलं तर डोक्यात पुस्तक! अहो, तुम्ही घरात राहता ना? की पुस्तकात राहता?"

"बाई, घरातलं काय लिवायचं?" मालू म्हणाली. तीही चिडली होती. "आमच्या घरातलं वाचायला कोन बसलंय? परीक्षेत असलं चालतंय व्हय? ते भाभींचं येगलं, त्यांच्याकडं दोहा हाय."

माझा पारा आणखी चढणार तोच बिल्कीस मागच्या बाकावरून उठली. ती आल्यापासून कोणाशी बोलली नव्हती. कमलाकरसमोरच्या बाकावर जाऊन बसली.

"भाऊ, तुमच्या घरी सगळ्यात आधी कोण जेवतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ताटं वाढली की पहिला घास कोणाचा?"

कमलाकर विचारात पडला. "माझी नाइट असते ना भाभी. मी सकाळी आठला येतो तेव्हा बायको कामावर गेलेली असते. मुलगी क्लासला. मी झाकून ठेवलेलं एकटाच खातो. मुलगा दुपारी खातो. बायको रात्री, मी निघाल्यावर."

"चौघं एकत्र कधी जेवता?"

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "गणपतीत. दीड दिवस."

"हे लिहा."

"हे? हे कोण वाचणार?"

"दिनानाथ सर वाचणार. वीसपैकी गुण देणार. लिहा!"

तिचा आवाज असा होता की मीच वही उघडायच्या बेतात होते. मग ती मालूकडे वळली. मी हातातला खडू खाली ठेवला. पस्तीस वर्षांत मला एवढं साधं सुचलं नव्हतं. मी यांना सांगत होते उत्तर कसं लिहायचं, आणि यांना कोणी त्यांच्या घराबद्दल प्रश्नच विचारला नव्हता.

"मालू, तुझा नवरा घरी काय काम करतो?"

"घरी? पान्याचा तांब्या बी हातानं घेत नाय."

"आणि बोटीवर?"

"बोटीवर?" मालू हसली. "बोटीवर धा-धा दिवस जातात ना, तिथं आठ मान्सांचं जेवान त्योच रांधतो. चांगलं रांधतो म्हनं. मी कदी खाल्लं नाय." आणि ती एकदम थांबली. "बाई, हे लिवू?"

"लिही गं माझे आई!" मी ओरडले. "हेच लिही!"

त्यानंतर गाडी रुळावर आली, पण सोपं काही नव्हतं. आनंदाला पाच ओळींनंतर हात दुखायचा. वीस वर्षांत त्याने सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्याला मी रिक्षाच्या स्टँडवर, गिऱ्हाइकाची वाट बघताना, रोज एक पान लिहायला लावलं. प्रत्येक बैठकीला तो ती पानं आणून टेबलावर टाकायचा. 'आज पान लिहायला सांगितल्यामुळे एक भाडं गेलं' असंही त्याने एकदा लिहिलं. झुबेर दोन तासांतला दीड तास सुरुवात सजवण्यात घालवायचा. त्याला मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तू दीड तास पाटी पुसतोस का? रुचिरा 'माझ्या मते' लिहायची आणि खोडायची. "माझं मत कोणी विचारलंय का, मॅडम?" म्हणायची. बिल्कीस तिच्याशेजारी बसून प्रत्येक वेळी म्हणायची, "मी विचारतेय. सांग." आणि कोणी लिहिलेलं दुसऱ्याला दाखवायला निघालं की तीच पहिली झडप घालायची. "वही बंद! डबा असता तर भरून दिला असता. वही नाही!"

शेवटच्या बैठकीला माझ्या लक्षात आलं की हिने स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. विचारलं तर म्हणाली, "होईल मॅडम, इन्शाअल्ला." नणंदेचं उदाहरण तर वापरून झालं होतं.

रविवार उजाडला. दिनानाथ सरांनी सहा बाक एकमेकांपासून लांब ओढून ठेवले होते. सहाही मोबाइल त्यांच्या टेबलावर रांगेत. मला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून मी व्हरांड्यात खिडकीशी स्टूल टाकून बसले. बरोबर साडेदहाला त्यांनी घंटी वाजवली.

मालूने लगेच मान खाली घातली. आनंदा आधी बोटं मोडून मग लिहू लागला. चाळीस मिनिटांनी कमलाकरने हात वर केला. संपलं वाटतं याचं, म्हटलं. तर तो म्हणाला, "सर, पुरवणी."

पुरवणी! कमलाकरला!

आणि बिल्कीसचं पान कोरं होतं. पहिल्या पानावर फक्त नाव आणि नंबर. ती इकडे तिकडे बघत होती. आनंदाकडे, मग रुचिराकडे, मग झुबेरकडे. दुसऱ्याचं बघून लिहायला नव्हे, माझी खात्री आहे. भाजी शिजली का बघावी तसं बघत होती. सव्वाअकरा झाले. अकरा वीस झाले. मी खिडकीचे गज घट्ट धरले. आत जाऊन तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. अगं, तुझं काय? सगळ्यांची ताटं वाढून तू उपाशी उठणार का?

साडेअकराला टेबलावरचा एक मोबाइल थरथरू लागला. आवाज बंद होता, पण लाकडी टेबलावर तो गुरगुरत पुढे सरकत होता. दिनानाथ सरांनी वाकून बघितलं. "बिल्कीसबाई, तुमचा. परदेशचा नंबर दिसतोय. घ्यायचा असेल तर बाहेर जाऊन घ्या, मी वेळ थांबवू शकत नाही."

बिल्कीसने फोनकडे बघितलं. तो वाजत होता. एकोणीस वर्षं दर रविवारी तिने तो उचलला होता.

"राहू दे, सर," ती म्हणाली.

फोन थांबला. परत एकदा वाजला, परत थांबला. आणि तिने पेन उचललं. मग तिने मान वर केली नाही. पान उलटलं, दुसरं उलटलं. मला तिची फक्त ओढणी आणि चालणारा हात दिसत होता. साडेबाराला घंटी झाली तेव्हाही ती लिहीत होती. सरांनी तिच्या हातातून पेपर काढून घेतला.

सर पेपर तपासत होते तेवढा वेळ आम्ही शाळेच्या अंगणात बसलो होतो. मालूने मांदेलीचा डबा उघडला, पण कोणी हात लावला नाही. कोणी कोणाला 'काय लिहिलंस' असं विचारलं नाही. दीड तास. मी तीन वेळा वर जाऊन आले, तिन्ही वेळा सरांनी हाताने 'थांबा' केलं.

मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. चष्मा काढून पुसला.

"कमलाकर."

"हो सर."

"नणंद गेली तुमची."

कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. कमलाकरच्या मिशा हलत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सहातला एकही पेपर दुसऱ्यासारखा नाही. पुस्तकातली ओळ कुठे नाही. भाषा काहींची..." त्यांनी आनंदाकडे बघितलं, "...असो. सहाही जण पास. गुणांचा तक्ता मी उद्या पाठवतो." मालूने माझा दंड इतका जोरात दाबला की काळानिळा झाला. "पण हा एक पेपर मी वाचून दाखवणार आहे. बाईंची हरकत नसेल तर."

बिल्कीसने मान हलवली. सरांनी वाचलं:

"'आमच्या घरात निर्णय म्हणजे फोन. एकोणीस वर्षं मी साधी कढई घेतली तरी दोहाला विचारून घेतली. विचार, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच विचारत होते. मागच्या आधीच्या गुरुवारी मला एका कागदावर सही करायची होती. सही केली असती तर मी एकटी पास झाले असते. मी फोन लावला, पण विचारलं नाही. सही केली नाही. माझं वर्ष मी इथे बसलेल्या पाच माणसांच्या हातात दिलं. मी बरोबर केलं की चूक, हे सर, तुम्ही सगळे पेपर वाचाल तेव्हा कळेल. आत्ता टेबलावर फोन वाजून थांबला आणि मी लिहितेय. कुटुंब कायद्याने बदलतं, शिक्षणाने बदलतं, असं पुस्तकात आहे. माझ्या मते ते आधी एका माणसात बदलतं, आणि घरच्यांना ते नंतर कळतं.'"

सरांनी पेपर खाली ठेवला. मी रडले. वर्गात, विद्यार्थ्यांसमोर, पस्तीस अधिक दोन वर्षांत पहिल्यांदा. मला त्याची लाजही वाटली नाही.

खाली उतरल्यावर मालूने डब्यातली मांदेली बिल्कीसच्या पिशवीतल्या ताटलीत ओतली आणि रिकामा डबा पाठीमागे लपवला. "आज नाय हां भाभी. आज रिकामाच नेते."

"वेडी का तू? दे इकडे. घरी चल, सांदणं केलीयत सकाळी." बिल्कीसने डबा हिसकावून घेतला. मग तिने पर्समधून मोबाइल काढला.

"दोन वेळा फोन येऊन गेलाय ना खलीलचा," मी म्हटलं. "काळजीत असेल. काय विचारणार आहेस?"

"विचारणार काही नाही, मॅडम," नंबर लावत ती म्हणाली. "सांगणार आहे."